‘ळ’वरून काय सांगायचं

मी नऊ वर्षांची होईपर्यंत मला ‘ळ’ म्हणता येत नव्हता, आणि तो येत नाही हे मला ठाऊकही नव्हतं. माझं लहानपण हैदराबादेत आजोळी गेलं. आजोळची माणसं तीन पिढ्या तिथल्या कचेऱ्यांत नोकरीला होती. घरात मराठी बोलायची, पण अंगणात, विहिरीवर, गल्लीत सगळीकडे दखनी उर्दू. त्या बोलण्यात ‘ळ’ कुठे गळून पडला ते कुणाला कळलं नाही. आम्ही काला म्हणायचो, डोला म्हणायचो. आईही तसंच म्हणायची. कुणी हसत नसे, कारण हसायचं तर समोरच्याला तरी ‘ळ’ यायला हवा.

वडील करोडगिरीत कारकून होते. रेल्वेनं येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारं निजाम सरकारचं ते खातं. त्यांची बदली सेलूला झाली, स्टेशनाजवळच्या नाक्यावर. तिथं घर मिळाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. दुसरी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट.

सेलू म्हणजे कापूस. सुगीत गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून थेट बाजारापर्यंत लागायची आणि सरकीचा वास घरात भरून राहायचा. गाव मला पहिल्या दिवसापासून आवडलं. आईला मात्र नाही. आल्यावर थोड्याच दिवसांत ती बाजारात केळी घ्यायला गेली आणि तिनं विचारलं, “केली कशी दिली?” केळीवालीनं तोंडाला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, “बाई इचारायल्यात, केली म्हणं. काय केली, कुणी केली?” आजूबाजूच्या चारजणी हसल्या. आईनं केळी घेतली नाहीत. ती तशीच घरी आली आणि त्यानंतर बाजार वडील करू लागले. हळूहळू आईनं शेजारीपाजारी बोलणंही कमी केलं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. शेजारच्या काकूंना वाटलं, हैदराबादची बाई, हिला आपला गर्व असणार. काकू वालूरच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. मुलांच्या शिक्षणासाठी सेलूत घर करून राहिल्या होत्या. मनानं चांगल्या होत्या, पण केळीची गोष्ट गावभर त्यांनीच केली होती.

मुलींसाठी सरकारी शाळा होती, पण वरच्या वर्गांत सगळं उर्दूत, आणि पुष्कळ घरांतून मुलींना तिथं पाठवत नसत. स्टेशनात तारेचं काम करणारे जे बाबू होते, त्यांची बायको नगरकडची, इंग्रजी मुलखातली. शिकलेली होती. तिनं एका कापसाच्या आडत्याच्या घराच्या पडवीत दुपारी मुलींचा वर्ग सुरू केला. आम्ही तिला बाई म्हणायचो. खाजगी शाळा चालवायची तर सरकारची इजाजत लागायची. बाईंचं म्हणणं, पडवीत दहा-बारा मुली बसतात, ह्याला शाळा कोण म्हणणार? वडिलांना ते पटत नव्हतं. सरकारी नोकराची मुलगी बिनपरवान्याच्या वर्गात जाते हे वर कळलं तर काय, असं ते एकदा आईला म्हणाले होते. पण मला घरी कोंडून ठेवणंही त्यांना बरं वाटेना. त्यांनी मला जाऊ दिलं.

बाईंच्या वर्गातला सगळ्यांत आवडता दिवस शनिवार. एका डब्यात मुळाक्षरांच्या चिठ्ठ्या असायच्या. दर शनिवारी एक मुलगी चिठ्ठी काढायची आणि पुढच्या शनिवारी तिनं त्या अक्षरावरून गोष्टी सांगायच्या. गोष्टी म्हणजे राजा-राणीच्या नव्हेत, खऱ्या. ‘उ’ निघाला तर उंट, उंदीर, उल्का. उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हे मी त्याच पडवीत ऐकलं. प्रत्येक गोष्टीला बाई एकच प्रश्न विचारायच्या, “कशावरून?” स्वतः पाहिलं असेल तर तसं सांगायचं, कुणाकडून ऐकलं असेल तर त्याला कसं कळलं ते विचारून यायचं. नुसतं “सगळे म्हणतात” चालत नसे.

मी वर्गात गेले त्याच सुमारास ‘झ’चा शनिवार होता. आपल्यालाही काही येतं हे दाखवायला मी उठले आणि म्हणाले, “झाडाचं मूल जमिनीत असतं.” एक मुलगी लगेच म्हणाली, “बारसं कधी हाय त्याचं?” पडवी हसून हसून लोळली. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांच्या कडा हलत होत्या. मी त्या दिवशी घरी येऊन आईला विचारलं, मूल आणि मूल ह्यांत फरक काय? तिला कळलं काय झालं असेल ते. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली.

श्रावणात माझी पाळी आली. डब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली, तर ‘ळ’.

मुली वाकून वाकून बघायला लागल्या. मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं, की ‘ळ’नं सुरू होणारा शब्दच नाही. बाई स्वतःही थबकल्या. अ पासून ज्ञ पर्यंत चिठ्ठ्या लिहीत गेल्या होत्या, तसा हाही लिहून टाकला होता. मागून कुणीतरी म्हणालं, “तिला तर म्हन्ताच येत न्हाई.”

बाई म्हणाल्या, “दुसरी चिठ्ठी काढायची का? की हीच ठेवतेस?”

मला दुसरीच हवी होती. पण तोंडातून शब्द फुटेना. मी चिठ्ठी मुठीत घट्ट धरून उभी राहिले आणि बाईंना वाटलं, मुलगी हट्टाला पेटली. त्या खूश झाल्या. “ठीक आहे,” म्हणाल्या, “मग नियम बदलू. ‘ळ’ शब्दात कुठेही आला तरी चालेल.” अशा रीतीनं मी काही न बोलता शूर ठरले.

घरी येऊन मी रडले. आई म्हणाली, नको जाऊस शनिवारी, ताप आलाय असं कलवू. पण दुसऱ्याच दिवशी दुपारी बाई आमच्या घरी आल्या. त्यांनी मला नव्हे, आईला समोर बसवलं. मी बाजूला बसले. बाई म्हणाल्या, जीभ उलटी वळवायची, तिचं टोक टाळूला मागे लावायचं आणि झटकन खाली सोडायचं. आईनं आधी नाही नाही म्हटलं. मग पदर तोंडाशी धरून, आम्हाला दिसणार नाही असं, करून बघितलं. आवाज आला तो ना ‘ल’चा, ना ‘ड’चा. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “जवळ आलाय. रोज म्हणा.” जाताना त्यांनी शनिवारी आयांनीही यायचं आहे, असं सांगितलं. महिन्यातून एकदा त्या आयांना बोलवायच्या. आई आजवर कधी गेली नव्हती.

त्या आठवड्यात आम्ही दोघी ‘ळ’च्या मागे लागलो. आई पीठ मळताना ओठ न हलवता जीभ वळवायची, ते तिच्या गालावरून मला कळायचं. शब्द जमवायला लागलो तर ते संपेनात. कावळा, बगळा, मुंगळा, गांडूळ, कोळी, केळ, वटवाघूळ, मासोळी. सुरुवातीला कुठेच नसलेलं अक्षर शेवटी सगळीकडे निघालं.

मग त्यांच्या खऱ्या गोष्टी शोधायच्या. मुंगळे एकामागोमाग का चालतात, ह्याचं उत्तर आईनंच काढलं. भिंतीवरच्या रांगेच्या वाटेवर तिनं मध्येच ओलं फडकं फिरवलं. पुढून येणारे मुंगळे तिथं येऊन थांबले, गोल गोल फिरायला लागले, त्यांना वाट सापडेना. म्हणजे ते बघून चालत नव्हते, वासावर चालत होते. गांडुळाला डोळे नसतात, तरी उजेड कळतो. आम्ही एक गांडूळ ताटात ओल्या मातीवर ठेवून अर्धं ताट झाकलं, तर ते सरपटत सरपटत झाकल्या बाजूला गेलं. हे चाललं असताना काकूंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. दोघी मायलेकी ताटात गांडूळ घेऊन बसलेल्या बघून त्यांना राहवेना.

“काय करायलाव वो वैनी?” त्यांनी विचारलं.

आईनं सवयीनं मान हलवली, पण मी सगळं सांगून टाकलं. काकू आत आल्या आणि बसल्याच. त्या दिवसापासून त्या रोज यायला लागल्या. बगळे गुरांच्या पायांत का घोटाळतात ते त्यांनी सांगितलं: गुरं चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळ्यांना ते आयते मिळतात. त्यांच्या परसात घड उतरलेली केळ होती, ती त्यांनी तोडून आणली. आम्ही तिचं खोड सोलत गेलो तर नुसते एकात एक गुंडाळलेले पापुद्रे. आत लाकूड नव्हतंच. केळ म्हणजे झाड नव्हे, हे मला तेव्हा पटलं. वालूरला त्यांच्या शेतातल्या चिंचेवर वटवाघळं लोंबकळायची. एक वटवाघूळ खाली पडलं होतं, तर त्याच्या पोटाला पिल्लू चिकटून दूध पीत होतं, हे काकूंनी स्वतः पाहिलं होतं. अंडं नाही, पिसं नाही, मग पक्षी कसला?

काकूंची एक गोष्ट मात्र बाईंनी नापास केली. साळिंदर अंगावरचे काटे बाणासारखे फेकून मारतं, असं काकूंचं म्हणणं. बाईंनी विचारलं, फेकताना कुणी पाहिलंय? काकूंनी पाहिलं नव्हतं, त्यांच्या सासऱ्यांनीही नव्हतं. बाई म्हणाल्या, काटा टोचून तिथंच राहतो, म्हणून फेकल्यासारखा वाटत असेल. काकू एक दिवस रुसल्या.

शनिवार आला. पडवीत एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर आया. माझी आई सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून. मी उठून उभी राहते न राहते तोच दारासमोर टांगा थांबला. आतून शेरवानी आणि तांबडी तुर्की टोपी घातलेले एक साहेब उतरले. त्यांच्यामागे पट्टेवाला. तालीमात म्हणजे शिक्षण खातं, तिथले हे साहेब परभणीहून आले होते. वर्गाची खबर त्यांना कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बाया उठून आत जायला लागल्या. साहेबांनी हातानं बसा अशी खूण केली आणि ते खुर्चीवर बसले. बाईंचा चेहरा उतरला होता. साहेब उर्दूत बोलत होते आणि बाईंना उर्दूचे जेमतेम चार शब्द येत होते. इजाजत आहे का, हे त्यांना कळलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग साहेबांनी विचारलं, इथं काय शिकवता? हेही बाईंना कळलं असावं. त्या म्हणाल्या, “दर शनिवारी मुली एकेका अक्षरावरून माहिती सांगतात.”

पट्टेवाल्यानं त्याचं भाषांतर केलं, “हुजूर, बच्चियां यहां खबरां सुनातीं.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “कैसी खबरें?”

लढाईचे दिवस. कोण कुठल्या बातम्या लोकांना ऐकवतो ह्यावर सरकारची बारीक नजर होती. त्या बातम्यांपायी माणसं उचलून नेल्याचं आम्ही मुलींनीसुद्धा ऐकलं होतं. बाईंना काय बिघडलं ते कळत नव्हतं. त्या पुन्हा तेच सांगत होत्या, सगळीकडची माहिती, मुली घरून विचारून येतात. पट्टेवाला पुन्हा तेच सांगत होता, सब तरफ की खबरां, घर घर से लाते. मला दोन्हीकडचं कळत होतं. वडिलांचं नाव विचारलं तर काय सांगायचं, हाच विचार डोक्यात फिरत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“हुजूर, खबरां नहीं हैं ये. कौवा, बगला, चमगादड, इनकी बातां हैं. बच्चियां अपनी आंखों से देखकर लाई हैं.”

आई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीकडे, पण आवाज स्वच्छ. साहेब वळून बघायला लागले. सेलूच्या त्या पडवीत असं बोलणं ऐकू येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी विचारलं, आप कहां की हैं? आईनं हैदराबादेतल्या आमच्या मोहल्ल्याचं नाव सांगितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, मग तुम्हीच सांगा, इथं चाललंय काय.

आईनं सांगितलं. चिठ्ठ्यांचा डबा सांगितला, शनिवार सांगितला, “कशावरून” सांगितलं. सगळ्या बाया तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. वर्षभरात तिच्या तोंडून एवढे शब्द कुणी ऐकले नव्हते.

साहेब म्हणाले, ऐकू या. मी सुरू केलं. मी मराठीत एकेक गोष्ट सांगायची आणि आई ती उर्दूत सांगायची. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते, हे त्यांना माहीत होतं. मुंगळ्यांच्या रांगेचं ऐकून ते पुढे वाकले. वटवाघूळ पक्षी नव्हे, म्हटल्यावर त्यांनी मला थेट विचारलं, “कैसे मालूम?” बाईंचा प्रश्न दुसऱ्या भाषेत ऐकून मला धीर आला. मी दखनीत सांगितलं, ह्या काकूंनी पाहिलंय. काकूंनी बसल्या जागेवरून जोरात मान हलवली.

मग साहेबांनी अक्षर कोणतं ते विचारलं. मी पाटीवर काढून दाखवलं आणि म्हणून दाखवलं. त्या आठवड्यात माझा ‘ळ’ पुष्कळ सुधारला होता, तरी मधूनच घसरायचा. साहेबांनी म्हणून बघितलं, “कावला.” मी नाही म्हटलं. “कावडा?” तेही नाही. मुलींनी हसू दाबायला ओढण्या-पदर तोंडात कोंबले. मी त्यांना सांगितलं, “साब, जबान पीछे मोडो, तालू को लगाओ, फिर छोडो.” पट्टेवाल्यानं डोळे वटारले. पण साहेबांनी खरंच जीभ वळवली. त्यांच्या मिशा वाकड्या झाल्या. आवाज आला तो आईच्या पहिल्या दिवशीसारखा, ना इकडचा ना तिकडचा.

“ये हम से न होगा,” ते म्हणाले आणि हसले.

तेव्हा कुठे सगळी पडवी मोकळेपणानं हसली. बाईंनी खांबाला हात टेकून श्वास सोडला, तो मला समोरून दिसला.

साहेबांनी आईमार्फत बाईंना सांगितलं, की वर्ग असा चालवता येणार नाही, इजाजतीसाठी अर्ज करा, उर्दूत करा, मी स्वतः पुढे पाठवतो. तोवर मुलींना घरी बसवायची गरज नाही. ते टांग्यात बसून गेले. टांगा नजरेआड झाला. मग सगळ्या बाया आईभोवती गोळा झाल्या. काकू तर तिचा हात सोडीनात. “वैनी, एवढं बोलता येतंय अन् आमच्यापुढं मुकं बसायलाव का?” त्यांनी विचारलं. आई हसली.

इजाजत दिवाळीच्या सुमाराला आली. अर्ज आईनं सांगितला आणि वडिलांनी त्यांच्या वळणदार उर्दू अक्षरात लिहिला. पुढे गावातल्या बायकांना दवाखान्यात नाहीतर कचेरीत काम निघालं, की त्या आईला बोलवायला यायच्या. तिच्या जिभेवर ‘ळ’ काही शब्दांत बसला, काहींत कधीच बसला नाही. तिनंही मग फार मनावर घेतलं नाही.

साहेब आले होते त्या शनिवारी संध्याकाळी वडील दिवेलागणीच्या आधीच घरी आले. एरवी ते उशिरा यायचे. तालीमातचे साहेब पडवीत गेले एवढंच त्यांच्या कानावर नाक्यावर आलं होतं, पुढचं काही नाही. ते जवळजवळ पळतच आले असावेत. टोपी हातात होती. आम्ही दोघी चुलीपुढे बसून बोलत होतो, ते बघून ते उंबऱ्यावरच बसले. पाणी मागितलं. प्यायले, पुन्हा मागितलं. मग मी सगळं सांगितलं. ते माझ्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते.

“तुला भीती नाही वाटली?” त्यांनी तिला विचारलं.

“वाटली की,” आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “पण त्या पट्टेवाल्याची उर्दू ऐकवेना हो मला.”